मुकाप्पाचा मान

रविराज म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो मशीनचे प्रोग्रॅम लिहायचा, आणि लोखंडाचा तुकडा ड्रॉइंगला केसाएवढा जरी चुकला तरी गुमान परत पाठवायचा. देवाधर्माचं त्याला वावडं नव्हतं आणि वेडही नव्हतं. घर धनगराचं. मूळ गाव चिंचाळवाडी, जतच्याही पार पुढं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. आजोबांनी मेंढरं राखली, वडील एसटीत लागले, आणि रविराजला मेंढरू फक्त ताटात ओळखू येतं असं त्याची बायको क्रांती म्हणायची. म्हणायची, असंच म्हणायला हवं. कारण गेली दोन वर्षं ती फारसं काही म्हणत नव्हती.

त्यांची एकुलती मुलगी शर्वी पहिलीत असताना गेली. डेंग्यूचा ताप. एका सोमवारी अंग गरम लागलं आणि पुढचा सोमवार तिनं पाहिला नाही. डॉक्टरांनी करायचं ते केलं, पाहुण्यांनी बोलायचं ते बोलून झालं, आणि घरात दोघंच उरली. क्रांती शाळेत शिकवायची. तिनं नोकरी सोडली, कारण तिच्या वर्गाकडं जायला पहिलीच्या दारावरून जावं लागायचं. रविराजनं काम सोडलं नाही. तो रडायचा, पण न्हाणीत, नळ सोडून. पुरुषाला आपल्याकडं एवढीच मुभा असते.

आणि त्याचा एक खेळ होता. माधवनगरला धैर्यशील नावाचा त्याचा कॉलेजचा मित्र राहायचा. त्याच्या घरचे यंत्रमाग केव्हाच भंगारात गेले होते, शेड तेवढी उभी होती. पुण्याच्या नोकरीतून धैर्यशीलनं हा खेळ गावी आणला. खेळ असा, की एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पुढं काय होणार ते वीस तोंडांचा फासा ठरवणार. दर रविवारी दुपारी चार-पाच बापये माणसं त्या शेडच्या माळ्यावर चहा आणि भडंग घेऊन बसायची आणि राक्षस मारायची. गोष्ट चालवायचं काम रविराजकडं. तो त्यात पक्का होता. नकाशे तर कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखे मापात काढायचा.

असल्या खेळात देव लागतात. सगळे आपापल्या परीनं वादळाचे देव, युद्धाचे देव काढतात. शर्वी गेल्यानंतरच्या दिवाळीत रविराजनं एक देव काढला आणि त्याला नाव दिलं मुकाप्पा. ज्याला दुःख सोसत नाही त्यानं मुकाप्पाकडं यावं. तो ते घेतो. बदल्यात नवस नाही, बोकड नाही, काही नाही.

त्याच्या पुजाऱ्यांचे तीन पंथ होते. पहिले घेणारे, ते आलेल्या माणसाचं रडू घेतात. दुसरे वाहणारे; ते गेलेल्याचा आवाज देवापर्यंत वाहून नेतात, तो मग कुणाच्या कानात उरत नाही. तिसरे राखणारे. ते नाव राखतात. ते देवाकडं पाठ करून बसतात, कारण नाव परत मागायला कोणी आलं तर त्याला आत सोडायचं नाही. तोंडानं काही बोलावं लागत नाही. कपाळाला भंडारा लागला, की दिलं. आणि आपल्या जत्रांमध्ये कुणाची पालखी, कुणाचा ढोल हे जसं घरागणिक ठरलेलं असतं, तसा या पंथांचाही घराघराला मान वाटून दिलेला. मान माणसाचा नसतो, घराचा असतो. बाप गेला की पोरानं उभं राहायचं.

"आमचा खेळ तलवारीचा, गड्या," धैर्यशील म्हणाला, "तू तर यात जत्रा कमिटीच घुसवलीस."

पण देव सगळ्यांना आवडला. नवीन प्रदेश कुठं रचत बसायचा म्हणून रविराजनं देऊळ सरळ आपल्या चिंचाळवाडीच्या माळावर टाकलं. लहानपणी सुट्टीत तो त्या माळावर बोरं वेचायचा; तिथं धोंडे, कुसळं आणि एक वाकडं लिंब यापलीकडं काही नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कॉम्प्युटरवर नकाशा काढताना घाईत एक कमांड उलटी लागली आणि देवळाचं दार दक्षिणेला गेलं. दक्षिणेला सहसा कोणी देवळाचं दार ठेवत नाही. तो दुरुस्त करणार होता, पण धैर्यशील म्हणाला राहू दे, भारी वाटतंय. मग राहिलं.

चैत्रात एका संध्याकाळी गावाकडून फोन आला. भामाबाई, त्याची थोरली चुलती. तिचा फोन वर्षा-दोन वर्षांतून एखादा, आणि तोही कुणी गेलं तरच.

"रव्या, आयतवारी मुकाप्पाची जत्रा हाय. तुमच्या घरचं कोण येत न्हाई आता. मान हाय न्हवं तुमचा?"

रविराजला वाटलं, धैर्यशीलनं चेष्टा लावली. "कोण मुकाप्पा, काकी?"

"कोण म्हंजे? माळावरचा. डोस्कं फिरलं काय तुजं?"

"कवापासनं हाय त्यो?"

"देवाला कवापासनं इचारत्यात व्हय रं. हाय तवापासनं हाय. तुजा बा हुता तवर येत हुता. त्यो गेला, मान चुकला. ह्या साली ये."

फोन ठेवून त्यानं तसाच धैर्यशीलला लावला. धैर्यशीलला चिंचाळवाडी कुठं आहे हेही सांगता येईना. उलट तोच थोडा गोंधळला. "अरे, असं काय करतोस? पहिल्या दिवशी तूच म्हणालास, हा आमच्या गावचा देव आहे, जरा नीट खेळा. म्हणून तर आम्ही फार टिंगल केली नाही."

रविराज असं काही म्हणाला नव्हता. त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं. नव्हता म्हणाला.

क्रांती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मुकाप्पाबद्दल तिला माहीत होतं. नवरा रविवारी काय खेळतो हे तिनं कधीमधी विचारलं होतं आणि त्यानं सांगितलं होतं. पण फक्त पहिला पंथ सांगितला होता. रडू घेणारे.

"आपण जाऊ," ती म्हणाली.

"अगं, मी केलेला देव आहे तो. फाशांचा."

"मग तुझ्या काकींना कसा माहीत?"

ती खाली बसली. फलटणकडची, बापानं सगळी उमर फौजेत काढलेली, बोलणं नेहमी थेट. "मी थकले, रवी. सकाळी रिक्षातून पोरं ओरडत जातात ना, तेव्हा मी कानात बोटं घालून बसते. खरा असो, खोटा असो. घेत असेल तर घेऊ दे त्याला."

ते दोघं रविवारी सकाळी गाडी काढून निघाले ते असे. रविराजनं मनाशी ठरवलं होतं, की जायचं, तिला दाखवायचं की तिथं एक धोंडा आहे आणि गावानं त्याला शेंदूर फासलाय, आणि परत यायचं. कवठे महांकाळ मागं पडलं, नागजच्या फाट्यावर चहा झाला, पठारावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या. तिथं त्यानं तिला उरलेले दोन पंथही सांगून टाकले. आवाज नेणारे. नाव राखणारे.

"म्हणजे ती आठवणारच नाही?"

"मी तसं लिहिलं होतं."

क्रांती खिडकीबाहेर बघत राहिली. जत आलं तेव्हा तिनं काच खाली घेतली. मग म्हणाली, "बरंच होईल की."

शर्वीला ओळखणारी जगात दोनच माणसं होती, खरी ओळखणारी. त्यातलं एक आज ती पोर माळावर सोडून द्यायला निघालं होतं. काही झालं तरी क्रांतीच्या कपाळाला बोट लागू द्यायचं नाही, एवढंच रविराज गाडी चालवताना स्वतःला बजावत होता.

चिंचाळवाडी ओलांडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जत्रा लांबूनच दिसली. भज्यांची गाडी होती, बांगड्यांचं पाल होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या होत्या, माणूस भरपूर होतं. गाडीतून उतरल्यावर रविराजच्या ध्यानात आलं की आवाज नाही. ढोल होते, पण त्यांच्यावर घोंगडी पांघरली होती. तेलात भजी पडत होती ती दिसत होती. गिऱ्हाईक बोटानं दाखवायचं, भजीवाला पुडी बांधायचा. एवढ्या माणसांत एकही पोर रडत नव्हतं.

आणि वाकड्या लिंबाच्या अंगाला देऊळ होतं. काळ्या दगडाचं, ठेंगणं. दार दक्षिणेला होतं. दाराची पायरी मध्ये झिजून खोल गेली होती, त्यात कुत्र्याला प्यायला कुणीतरी पाणी ओतलं होतं. रविराज पायरीपाशी थांबला. रोज लोखंडाची झीज मोजणारा माणूस तो. एवढा दगड झिजायला किती पिढ्या लागतात याचा त्यानं मनात अंदाज केला आणि तो अंदाज तिथंच सोडून दिला.

पुजारी त्यानं काढले होते तसेच बसले होते. घेणारे डाव्या खांद्यावर काळी घोंगडी टाकून, वाहणारे अनवाणी, मुठी मिटलेल्या, आणि राखणारे देवाकडं पाठ करून. त्यातल्या एकानं मोबाईल बघून पुन्हा खिशात ठेवला. ते बघून रविराजला का कोण जाणे, जास्तच भीती वाटली.

भामाबाई लुगड्याचा पदर सावरत आली. वाळून काटकी झाली होती. तिनं क्रांतीच्या तोंडावरून हात फिरवला. "लय सोसलं गं बाय. आता उतरंल."

"काकी," रविराजनं हळू आवाजात विचारलं, "आमच्या घरानं याला काय दिलंय?"

"तुज्या थोरल्या भणीचं दिलंय की. तुज्या बानं."

"मला बहीण न्हाई, काकी. मी एकटाच."

"व्हय," भामाबाई म्हणाली. "तसंच असतंय ते."

तिच्या तोंडावर दुःख नव्हतं, वाईटही वाटल्यासारखं दिसत नव्हतं. पावसाचं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"काय नाव होतं तिचं?" हे क्रांतीनं विचारलं.

भामाबाईनं जरा आठवून बघितलं. "त्ये राखल्यालं असतंय, बाय," ती म्हणाली, आणि पाठमोऱ्या बसलेल्या माणसांकडं बोट केलं.

रविराजला वडील आठवले. एसटीतला शांत माणूस. त्यांना कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि सारी भावकी म्हणायची, माणूस असावा तर असा. आई मात्र दर वर्षी नागपंचमीला उगाच आजारी पडायची. भिंतीकडं तोंड करून झोपायची, आणि वडील तिला विचारायचे, पित्त झालंय का.

रांग पुढं सरकली.

घेणाऱ्यांत सगळ्यांत म्हातारा होता तो बिराप्पा. डोळ्यांत फूल पडलेलं, उजव्या मुठीत भंडारा. तो कुणाला काही विचारत नव्हता. समोर कपाळ आलं की अंगठा टेकवायचा. टेकवलेला माणूस बाजूला व्हायचा, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसायचा, आणि भज्यांच्या गाडीकडं चालू लागायचा.

क्रांती त्याच्यापुढं उभी राहिली. रविराज तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा होता.

"नको," तो म्हणाला. "क्रांती, नको."

ती ऐकतेय की नाही तेही कळेना. बिराप्पाचा अंगठा उचलला गेला. तिनं डोळे मिटले. तिच्या कपाळावर घामाचा थेंब होता, अंगठा त्याच्यापर्यंत आला.

तिनं मान बाजूला घेतली.

"माझं मला राहू दे," ती म्हणाली.

त्या सगळ्या माळावर तेवढाच मोठा आवाज झाला. पाठमोऱ्या बसलेल्यांपैकी एकानंही वळून पाहिलं नाही.

रविराजचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिचा हात धरला. आता निघायचं, गाडीत बसायचं, थेट सांगली.

बिराप्पाचा हात मात्र मागं गेला नाही. तो तसाच उचललेला, रांगेतल्या पुढच्या माणसाकडं वळला.

आता हे धनगराच्या घरातल्याला सांगायला नको. भंडाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. पाळण्यातल्या पोराच्या टाळूला लागतो, नवरदेवाला लागतो, परगावी निघालेल्याला लागतो. हात पुढं आला की कपाळ खाली जातं. डोकं विचार करतं ते त्यानंतर.

कपाळ खाली गेलं होतं.

अंगठा थंड होता. एवढ्या उन्हात थंड.

"झालं," बिराप्पा म्हणाला.

रविराजनं रुमालानं लगेच कपाळ पुसलं. रुमाल पिवळा झाला. तो थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. काही झालं नाही. भूक लागली होती, एवढंच. त्यानं भज्यांची एक पुडी घेतली, आणि भजी चांगली होती.

परतीच्या वाटेवर क्रांती बोलायला लागली. दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम. शर्वी दात पडला तेव्हा कशी आरशासमोरून हलेना, फलटणच्या आजोबांच्या उसाच्या ट्रॉलीवर बसायला कशी हटून बसली, आजीला "तू म्हातारी कधी झालीस" असं चारचौघांत कसं विचारलं. सांगताना ती हसत होती, रडत होती, नाक पुसत होती. "बरं झालं नाही दिलं. बरं झालं, रवी. वेडी होते मी."

"हं," रविराज म्हणाला. नागजच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, खडी उडत होती. काच जाईल म्हणून त्यानं गाडी हळू घेतली.

क्रांती हळूहळू माणसांत आली. आधी शिकवण्या घेतल्या, मग दुसऱ्या एका शाळेत लागली. शर्वीचा फोटो इतके दिवस कपाटात पालथा होता, तो तिनं बाहेरच्या खोलीत लावला. रडायची अजून, पण उघडपणे, आणि रडून झालं की उठून कामाला लागायची. रविराजही बरा होता. न्हाणीत नळ सोडायची गरज उरली नव्हती. वजन वाढलं, झोप लागायला लागली. कारखान्यात साहेबांनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. रविवारी माधवनगरला तो गोष्ट अशी चालवायचा की धैर्यशील म्हणाला, आता तू खरा रंगात आलास.

एकदा संध्याकाळी क्रांतीनं मोबाईलवर जुना व्हिडिओ लावला. एक पोरगी गॅदरिंगमध्ये कविता म्हणत होती, मध्येच विसरली आणि हसायला लागली. क्रांतीनं मोबाईल त्याच्याकडं धरला. "ऐक ना."

त्यानं ऐकलं. पोरींचे आवाज असतात तसा आवाज होता.

"जरा कमी कर," तो म्हणाला. "बातम्या लागल्यात."

क्रांती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला वाटलं, याला अजून सहन होत नसेल. प्रत्येकाची रीत असते. तिनं मोबाईल बंद केला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यालाही ते बरं वाटलं.

पाऊसकाळ सरता सरता वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले. कुंडलकडचं तरुण जोडपं, नवऱ्याचं नाव भाऊसो. एका रविवारी सकाळी तो बर्फीचा बॉक्स घेऊन दारात आला. रात्रभर झोप नव्हती आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मुलगी झाली, साहेब. पहिलीच. घ्या की."

"अरे वा. अभिनंदन," रविराज म्हणाला. "ये, बस."

भाऊसो खुर्चीच्या कडेवर टेकला. खोलीभर नजर फिरवली, ती भिंतीवरच्या फोटोपाशी जरा थांबली. "तुम्हाला मुलं किती, साहेब?"

"मुलं नाहीत आम्हाला," रविराज म्हणाला. "झालंच नाही कधी."

आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि मग भांड्यांचा आवाज थांबला. भाऊसोनं पुन्हा एकदा फोटोकडं पाहिलं. बायको दवाखान्यात वाट बघत असेल असं काहीतरी म्हणून तो उठला आणि बॉक्स टीपॉयवर तसाच ठेवून निघून गेला.

क्रांती दारात येऊन उभी राहिली होती. हात ओले, पदर खोचलेला. तिनं एका हातानं चौकट धरली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, हनुवटीवरून खाली फरशीवर पडत होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

रविराजनं तिच्याकडं नीट पाहिलं. काहीतरी विचारायला हवं, असं त्याला वाटलं.

"कांदा चिरतेस का?" त्यानं विचारलं, आणि बर्फीचा दुसरा तुकडा उचलला.